घरातल्या संगणकांमध्ये फोल्डर सुरक्षितपणे शेअर कसे करावेत?

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या घरी सध्या चार संगणक एकाच राउटरवर आहेत. बैठकीच्या खोलीतला डेस्कटॉप विंडोज ११ होमवर चालतो आणि घरातले महत्त्वाचे सगळे त्याच्याच डी ड्राइव्हवर आहे: कुटुंबाची छायाचित्रे, विम्याचे कागद, वडिलांनी स्कॅन करून ठेवलेले सातबारा उतारे, फेरफार आणि खरेदीखते. सौ. घरूनच तीन-चार दुकानांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रे सांभाळते. तिचा लॅपटॉप विंडोज १० वर आहे. मुलगा अभियांत्रिकीला आहे आणि त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट घातले आहे. वडिलांचा संगणक अजूनही विंडोज ७ वर आहे आणि तो बदलण्याचा विषय काढला की ते वर्तमानपत्र वर धरतात.

गेल्या दिवाळीत डेस्कटॉपवरचे फोल्डर सर्वांना दिसावेत म्हणून मी बरीच खटपट केली. सौ.च्या लॅपटॉपवरून उघडायला गेले की नाव आणि पासवर्ड विचारला जाई आणि काहीही दिले तरी तो नाकारला जाई. शेवटी एका चित्रफितीत पाहून मी ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद केले, फोल्डरला ‘एव्हरीवन’ जोडून ‘फुल कंट्रोल’ देऊन टाकला आणि थोड्या झटापटीनंतर सगळे सुरळीत चालू झाले. सौ.च्या लॅपटॉपवर डेस्कटॉपचा तो फोल्डर ‘झेड ड्राइव्ह’ म्हणून जोडून दिला.

मागच्या आठवड्यात भाचा राहायला आला होता. मामीच्या लॅपटॉपवर जागा कमी पडते हे ऐकून त्याने मदत म्हणून जुनी छायाचित्रे ‘साफ’ केली. झेड ड्राइव्ह म्हणजे लॅपटॉपमधलीच एखादी डिस्क असावी आणि मूळ प्रती डेस्कटॉपवर असतीलच, असे त्याला वाटले. २०१२ ते २०१५ या चार वर्षांचे फोल्डर गेले. लॅपटॉपच्या रिसायकल बिनमध्ये काही नाही, डेस्कटॉपच्याही नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. सर्वांना सगळे पाहता येईल, पण असे पुन्हा होणार नाही, अशी मांडणी कशी करावी? आणि पासवर्ड चालू ठेवला तर तो नाकारला का जात होता?

खडीसाखर

छायाचित्रांबद्दल वाईट वाटले. नेटवर्कवरच्या फोल्डरमधून काही पुसले तर ते रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट नाहीसे होते. पुसताना विंडोज ‘कायमचे पुसायचे का’ असे विचारते खरे, पण तो प्रश्न वाचतो कोण? त्या डी ड्राइव्हवर आता नवीन काहीही लिहू नका. फाइल परत मिळवणारी एखादी प्रणाली दुसऱ्या डिस्कवरून चालवून पाहा. साधी फिरती हार्डडिस्क असेल तर आशा आहे. एसएसडी असेल तर फारशी नाही.

गोदाकाठ (धागाकर्ता)

हार्डडिस्कच आहे. प्रयत्न करतो. धन्यवाद.

पाटीपेन्सिल

पासवर्ड का नाकारला जात होता ते आधी सांगतो, कारण बहुतेक घरांत सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

तुम्ही डेस्कटॉपवर मायक्रोसॉफ्टचे खाते वापरत असणार आणि रोज चार किंवा सहा आकडी पिन टाकून आत जात असणार. तो पिन त्या एका यंत्रापुरताच असतो. नेटवर्कवरून तो चालत नाही. दुसऱ्या संगणकावरून विचारले जाते तेव्हा खात्याचा पूर्ण ईमेल पत्ता आणि त्या खात्याचा खरा पासवर्ड द्यावा लागतो, जो बहुतेकांना खाते उघडल्यानंतर आठवतही नसतो. ज्यांचे खाते स्थानिक आहे आणि ज्यांनी पासवर्डच ठेवलेला नाही, त्यांचेही अडते, कारण रिकामा पासवर्ड असलेल्या खात्याला विंडोज त्या यंत्रासमोर बसूनच आत येऊ देते, नेटवर्कवरून नाही. माणूस तीनदा पिन टाकतो, वैतागतो आणि पासवर्ड मागणेच बंद करून टाकतो. किल्ली सापडत नाही म्हणून कडीकोयंडा उखडून ठेवण्यासारखे आहे हे.

त्यावरचा उपाय म्हणजे तुमचे स्वतःचे खाते या कामात मुळी वापरूच नये. डेस्कटॉपवर केवळ शेअरिंगसाठी वेगळी स्थानिक खाती तयार करावीत. सेटिंग्जमध्ये ‘अदर यूजर्स’मध्ये जाऊन, मायक्रोसॉफ्टच्या खात्याशिवाय वापरकर्ता जोडण्याचा पर्याय निवडावा. खाते ‘स्टँडर्ड’ ठेवावे, ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ नको. नाव रोमन अक्षरांत, छोटे आणि मधल्या जागेशिवाय असावे, म्हणजे लिनक्सवरूनही त्रास होत नाही. पासवर्ड लांब असावा. एकदा टाकून लॅपटॉपवर जपून ठेवला की रोज टंकण्याचा प्रश्न नाही. प्रत्येक माणसाला वेगळे खाते दिले तर उद्या एखाद्याचा लॅपटॉप हरवला तरी तेवढेच बंद करता येते.

आता परवानग्या. विंडोजमध्ये त्यांचे दोन थर असतात आणि माझ्या मते हे एवढे नीट समजले तर निम्मे काम झाले. पहिला थर ‘शेअरिंग’च्या पानावरचा, जो फक्त नेटवर्कवरून येणाऱ्याला लागू होतो. दुसरा ‘सिक्युरिटी’च्या पानावरचा, जो डिस्कवरच्या फाइललाच चिकटलेला असतो आणि यंत्रासमोर बसलेल्यालाही लागू होतो. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही थर पार करावे लागतात आणि दोहोंपैकी जो अधिक कडक असेल तोच खरा ठरतो. शेअरला ‘फुल कंट्रोल’ आणि सिक्युरिटीत फक्त वाचन असेल तर वाचनच मिळते. उलट असले तरीही तेच. तुमच्या बाबतीत शेअरचा थर तुम्ही स्वतःच सताड उघडला आणि दुसरा थर आधीपासून सैल होता, कारण विंडोजने तयार केलेल्या डी ड्राइव्हवर ओळख पटलेल्या कोणत्याही खात्याला मुळातच फाइली बदलण्याची मुभा असते. बहुतेक लोकांना हे ठाऊक नसते. डी ड्राइव्ह ‘आपला’ आहे अशीच त्यांची समजूत असते.

‘एव्हरीवन’ या शब्दाची मात्र उगाच बदनामी झाली आहे. पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग चालू असताना त्याचा अर्थ ‘त्या संगणकावर ज्याचे खाते आहे तो कोणीही’ एवढाच होतो. ते बंद केले की मग त्यात खरोखरच येरागबाळा येतो.

गोदाकाठ (धागाकर्ता)

पिनची गोष्ट अगदी तशीच आहे! मी पिनच टाकत होतो. पण वेगळी खाती केली तरी सौ.ला फाइली लिहाव्या लागणारच. आणि लिहिता येते त्याला पुसताही येते ना?

आवकजावक

येते, म्हणून प्रश्न खात्यांचा कमी आणि फोल्डरांच्या मांडणीचा जास्त आहे. मी आयुष्यभर सरकारी कचेरीत काम केले आणि घरी हाच नियम लावला आहे. कचेरीत येणारा कागद आवक टपालात पडतो. तिथे कोणीही आणून टाकू शकतो. नोंद होऊन तो दप्तरात गेला की पाहायला सर्वांना मिळतो, पण त्यातला कागद काढायला एकाच माणसाची परवानगी लागते.

डी ड्राइव्हवर दोन फोल्डर करा. ‘दप्तर’ यात छायाचित्रे, जमिनीचे कागद, विमा; शेअरिंगच्या पानावर घरातल्या सर्व खात्यांना फक्त ‘रीड’. ‘आवक’ यात सर्वांना ‘चेंज’. ज्याला काही द्यायचे आहे त्याने ते आवकमध्ये टाकावे, आणि तुम्ही रविवारी चहा घेत डेस्कटॉपसमोर बसून ते दप्तरात हलवावे. भाच्याने आवक रिकामी केली तर आठवड्याचे नुकसान होईल, चार वर्षांचे नाही. सौ.च्या कामासाठी ‘हिशेब’ असा तिसरा फोल्डर करून तो फक्त त्यांच्या खात्याला ‘चेंज’ने द्यावा. इतर कोणाचेही नाव त्या यादीत असू नये, कारण ती कागदपत्रे दुसऱ्यांच्या धंद्याची आहेत.

‘शेअर’ला मराठी काय म्हणावे यावर इथे पूर्वी शंभर प्रतिसादांचा धागा झाला होता, तो पुन्हा काढू नये ही विनंती.

पाटीपेन्सिल

आवकजावक यांची मांडणी फार चांगली आहे, उचलतो. त्यात दोन भर.

हे फोल्डर थेट डी ड्राइव्हवर करावेत, ‘डॉक्युमेंट्स’ किंवा डेस्कटॉपच्या आत नकोत. तिथल्या फोल्डरवर उजवी कळ दाबून सोप्या पद्धतीने शेअर केले की विंडोज बहुतेक वेळा तेवढाच फोल्डर देण्याऐवजी ‘यूजर्स’ हा वरचा अख्खा फोल्डर नेटवर्कवर मांडते. आतल्या परवानग्या इतरांना अडवतात हे खरे, पण ज्याची जाहिरात करायची नव्हती तिची पाटी दारावर लागते. ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’ने द्यावे म्हणजे जे निवडले तेवढेच दिसते. सध्या काय काय मांडले गेले आहे ते ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’मधल्या ‘शेअर्ड फोल्डर्स’मध्ये एकत्र पाहता येते. तिथेच कोण जोडलेले आहे आणि कोणती फाइल उघडी आहे तेही दिसते. नावाच्या शेवटी डॉलरचे चिन्ह असलेल्या ओळी दिसल्या तर घाबरू नका, त्या विंडोजने स्वतःसाठी ठेवलेल्या असतात. स्वतःच्या फोल्डरच्या नावाला डॉलर लावून तो ‘लपवणारे’ही असतात, त्याने फोल्डर यादीत दिसत नाही इतकेच, नाव ठाऊक असणाऱ्याला तो अडवत नाही.

दुसरे, डेस्कटॉपचे नेटवर्क ‘प्रायव्हेट’ म्हणून नोंदलेले आहे ना ते पाहा. ‘पब्लिक’ असेल तर विंडोजची फायरवॉल शेअरिंगला अडवते आणि लोक मग अख्खी फायरवॉलच बंद करतात. लॅपटॉप बाहेर नेणाऱ्यांनी हॉटेलच्या किंवा रेल्वे स्थानकाच्या वायफायला मात्र ‘पब्लिक’च ठेवावे.

निवांत

एक शंका आहे. घरातल्या घरात, राउटरच्या आत, चार माणसांसाठी एवढा कायदेकानू कशाला? आमच्याकडे गेली सात-आठ वर्षे सगळे उघडे आहे, काही झालेले नाही.

पाटीपेन्सिल

धागाकर्त्यांच्या घरीही परवापर्यंत काही झाले नव्हते. भाच्याचे सोडा, त्याने निदान चारच फोल्डर पुसले. खंडणीखोर व्हायरस एखाद्या लॅपटॉपवर ईमेलच्या जोडपत्रातून शिरला की तो त्या लॅपटॉपला जोडलेला झेड ड्राइव्हही चाळतो आणि जिथे लिहिण्याची परवानगी आहे तिथली प्रत्येक फाइल कुलूपबंद करतो. त्याला राउटर फोडावा लागत नाही, कारण तो घरच्याच माणसाच्या खात्याने वावरत असतो. त्याच्यापुढे पासवर्डही टिकत नाही, कारण तो लॅपटॉपवर आधीच जपून ठेवलेला असतो. टिकते ती फक्त वाचनाची परवानगी. म्हणून ‘आत कोण येऊ शकतो’ यापेक्षा ‘कोण लिहू शकतो’ हा प्रश्न मी मोठा मानतो.

त्याशिवाय एकाच वायफायवर आता टीव्ही असतो, कॅमेरा असतो, पाहुण्यांचे फोन असतात. राउटरमध्ये ‘गेस्ट’ नेटवर्कची सोय असेल तर पाहुणे आणि कॅमेरा तिकडे पाठवावेत. बहुतेक राउटरांत तिथून घरातले संगणक दिसत नाहीत. टीव्हीवर डेस्कटॉपवरची छायाचित्रे पाहायची असतील तर मात्र त्याला आतच ठेवावे लागेल.

निवांत

जोडपत्राचा मुद्दा पटला. आज रात्री ‘फुल कंट्रोल’ काढतो.

टर्मिनलप्रेमी

मिंटच्या बाजूने लिहितो. मुलाला डेस्कटॉपवरचे फोल्डर पाहायचे असतील तर काही घालावे लागत नाही. फाइल व्यवस्थापकात ‘एसएमबी’ने (विंडोजची नेटवर्कवर फोल्डर शेअर करण्याची पद्धत) सुरू होणारा पत्ता दिला की झाले. राउटरमध्ये डेस्कटॉपसाठी एकच पत्ता राखून ठेवावा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०, म्हणजे तो रोज बदलत नाही.

मुलाला स्वतःचा फोल्डर इतरांना द्यायचा असेल तर साम्बा लागेल, म्हणजे लिनक्सवरून याच एसएमबी पद्धतीने फोल्डर देणारा प्रोग्राम. १९९२ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने तो सुरू केला. ‘एस’, ‘एम’ आणि ‘बी’ ही तिन्ही अक्षरे याच क्रमाने येणारा शब्द शब्दकोशात हुडकताना त्याला हे नाव सापडले. साम्बात सर्वांची पहिली ठेच एकाच ठिकाणी लागते: लिनक्सचा पासवर्ड आणि साम्बाचा पासवर्ड वेगळे असतात आणि साम्बाचा स्वतंत्रपणे ठरवावा लागतो. तो न ठरवता लोक साम्बाच्या सेटिंग्जमध्ये ‘गेस्ट ओके’ (पासवर्डशिवाय प्रवेश) ही ओळ घालून मोकळे होतात, म्हणजे पुन्हा तेच उखडलेले कोयंडे. त्याऐवजी ‘व्हॅलिड यूजर्स’मध्ये नावे लिहावीत, ‘रीड ओन्ली’ला होय म्हणावे आणि ज्याला लिहायचे आहे त्याचेच नाव ‘राइट लिस्ट’मध्ये घालावे. शिवाय साम्बात ‘रिसायकल’ नावाचा जोड आहे. तो चालू केला की नेटवर्कवरून पुसलेल्या फाइली एका वेगळ्या फोल्डरात जाऊन पडतात. विंडोजमध्ये ही सोय नाही याचे मला अजून नवल वाटते.

सांजवात

वडिलांच्या विंडोज ७ कडे कोणी पाहिलेच नाही. आमच्याकडे स्कॅन करून थेट फोल्डरमध्ये टाकणारे जुने यंत्र आहे. त्याला एसएमबीची पहिली आवृत्तीच कळते, म्हणून दुकानदाराने डेस्कटॉपवर ती ‘विंडोज फीचर्स’मधून चालू करून दिली. हे चालेल का?

पाटीपेन्सिल

माझे उत्तर स्पष्ट नाही असेच आहे. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस एसएमबीच्या त्याच पहिल्या आवृत्तीतल्या छिद्रातून एका यंत्रातून दुसऱ्यात शिरत होता. कोणाला काही उघडावे लागत नव्हते. मायक्रोसॉफ्टने ते छिद्र बुजवणारी दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच दिली होती. ज्यांनी ती घातली नाही ते अडकले आणि ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. त्याच वर्षाच्या अखेरच्या आवृत्तीपासून नव्याने घातलेल्या विंडोज १० मध्ये त्या पहिल्या आवृत्तीचा सर्व्हर (फोल्डर देणारा भाग) मुळातच बसवला जात नाही. तो मुद्दाम परत बसवून घेणे म्हणजे मागचे दार पाडून तिथे पडदा लावणे आहे. स्कॅनर यूएसबीच्या वायरीने एका संगणकाला जोडावा किंवा पेनड्राइव्हवर स्कॅन करून तो हाताने न्यावा.

विंडोज ७ ची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याला एसएमबीची दुसरी आवृत्ती कळते, त्यामुळे त्याच्यासाठी पहिली चालू करण्याची गरज नाही. पण जानेवारी २०२० पासून त्याला सुरक्षेच्या सर्वसाधारण दुरुस्त्या मिळत नाहीत, तेव्हा त्या खात्याला दप्तराचे वाचन तेवढे द्यावे, आवकही नको. सौ.च्या विंडोज १० लॅपटॉपलाही ऑक्टोबर २०२५ मध्ये मुदत संपल्याचे लक्षात असू द्यावे. एसएमबीच्या तिसऱ्या आवृत्तीपासून शेअरवरची सगळी वाहतूक कूटबद्ध करता येते. ‘हिशेब’साठी पॉवरशेलमधून (विंडोजच्या आज्ञा टंकण्याच्या खिडकीतून) ते चालू करणे योग्य ठरेल. दप्तरासाठी केलेत तर वडिलांचे यंत्र बाहेर राहील, कारण त्याला तिसरी आवृत्ती येत नाही.

परदेशस्थ

मी डेन्मार्कमधून नागपूरच्या घरच्या फाइली पाहतो. राउटरमध्ये शेअरिंगचे ४४५ क्रमांकाचे पोर्ट (इंटरनेटवरून आत येण्याचे दार) उघडून दिले आहे, उत्तम चालते.

टर्मिनलप्रेमी

हा प्रतिसाद वाचून झाल्याबरोबर ते बंद करवून घ्यावे. वॉनाक्राय याच पोर्टवर टकटक करत फिरत होता आणि उघडी ४४५ शोधणारी यंत्रे आजही दिवसरात्र फिरत असतात. बाहेरून यायचे असेल तर घरात वायरगार्डसारखे व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कात येण्याचा कूटबद्ध मार्ग) बसवावे आणि त्यातून आत आल्यावर मगच शेअर उघडावा.

परदेशस्थ

बाबांना फोनवर सांगून बंद करवले. ‘इतके दिवस उघडे होते का’ असे त्यांनी विचारले, त्याचे उत्तर मी दिलेले नाही.

खडीसाखर

यंत्रायंत्रांतले फोल्डर आपोआप जुळवून ठेवणाऱ्या सिंकथिंग या प्रणालीचे नाव कोणी घेतले नाही. त्यात फोल्डरची पूर्ण प्रत दोन्ही यंत्रांवर राहते आणि डेस्कटॉप बंद असला तरी सौ.चे काम अडत नाही. मात्र एकीकडे पुसले की दुसरीकडेही पुसले जाते, म्हणून जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय चालू करावी आणि त्याला बॅकअप समजू नये.

गोदाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. दोन रविवार खर्चून पुढील गोष्टी केल्या.

चार खाती केली, पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग पुन्हा चालू केले, दप्तर, आवक आणि हिशेब हे तीन फोल्डर मांडले आणि ‘एव्हरीवन’ तिन्हींतून काढले. हिशेबच्या सिक्युरिटीच्या पानावर मी इतका उत्साह दाखवला की स्वतःचेच नाव काढून बसलो होतो. मालकी परत घेऊन ते जोडावे लागले. सौ.च्या लॅपटॉपवर एक विचित्र अडचण आली. नवे नाव दिले की ‘एकाच सर्व्हरला एकापेक्षा अधिक नावांनी जोडता येत नाही’ अशा अर्थाचा संदेश येई. जुना झेड ड्राइव्ह जुन्या ओळखीने जोडलेलाच राहिला होता. तो तोडला, ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मधली जुनी नोंद पुसली, लॅपटॉप पुन्हा सुरू केला आणि मग नव्या नावाने आत गेलो.

मग प्रत्येक यंत्रावरून एकच परीक्षा घेतली: दप्तरात ‘चाचणी’ नावाची रिकामी फाइल तयार करून पाहिली. सौ.च्या, मुलाच्या आणि वडिलांच्या, तिन्ही यंत्रांवर परवानगी नाकारली गेली. वडिलांना वाटले काहीतरी बिघडले.

छायाचित्रांपैकी २०१४ आणि २०१५ ची बहुतेक परत मिळाली. २०१२ चे एक फोल्डर बहिणीकडच्या डीव्हीडीवर निघाले. २०१३ ची मिळाली नाहीत.

आवकजावक

दप्तराची दुसरी प्रत कुठे आहे? परवानग्या कितीही नेटक्या असल्या तरी डेस्कटॉपची डिस्कच गेली तर सगळेच जाते.

गोदाकाठ (धागाकर्ता)

बाहेरची दोन टेराबाइटची डिस्क घेतली आहे. रविवारी आवक दप्तरात हलवून झाली की ती जोडतो, प्रत घेतो आणि काढून कपाटात ठेवतो. कायम जोडलेली ठेवणार नाही. कपाटाची किल्ली वडिलांकडे दिली आहे. सातबारा आत आहे म्हटल्यावर त्यांनी ती लगेच आपल्या जानव्याला बांधली.